'कॅश' शब्द मूळचा कुणाचा? अर्धा किलो कुंद्याची पैज लागलेय, जाणकारांनी सांगा

खडेबाजारचा_काऊंटर
रात्री ९:५२

मंडळी नमस्कार. प्रश्न येडा वाटेल पण आमच्या बेळगावचा कुंदा, ती दुधाची मिठाई, पणाला लागलाय म्हणून विचारालोय.

मी खडेबाजारात एका कपड्याच्या दुकानात पैसे घ्यायला बसतो. बोर्डावर ६० टक्के कानडी पाहिजे हा नियम आल्यापासनं सगळीकडं बोर्ड बदलायचं काम चाललंय, आमचा बाहेरचा झाला, मालक म्हणाले आता आतल्या पाट्या पण एकदाच करून टाकू. परवा पेंटर आला आणि माझ्या डोक्यावरच्या पाटीवर 'नगदु' लिवायला बसला. कानडीत रोखीला नगदु म्हणतात. आमच्यात बसू म्हणून एक हाय, शाळेपासनंचा दोस्त, घरात कानडी, बाहेर मराठी, शिव्या दोन्हीत. तो म्हणाला नगदु कशाला लिवालास, तो तर अरबी शब्द, सरळ 'कॅश' लिव की, कॅश आमचाच हाय. म्हटलं तुमचा कसा काय रे? तर म्हणे कानडीत पैशाला कासु म्हणतात, इंग्रज आले आणि कासुचं कॅश करून घेऊन गेले. वर म्हण पण ऐकवली, 'कासिद्रे कैलास', म्हणजे गाठीला कासु असला तर इथंच कैलास.

मी म्हटलं गप बस मर्दा, आंबा पण तुमचा, कॅश पण तुमची, आम्हाला काय ठेवलास? कॅशियर, कॅशबुक, कॅशमेमो सगळं विलायतेतनं आलंय. तो ऐकेना. मोबाईलमधला एक फॉरवर्ड काढून दाखवला, त्यात दक्षिणेतनं इंग्रजीत गेलेले शब्द म्हणून मँगो, करी, कॅटामरान (जोडहोडी) आणि कॅश एका रांगेत. पेंटर ब्रश वर धरून थांबलेला, रंग पालथ्या हातावरनं ओघळालाय, मालक वरनं ओरडालेत, शेवटी पैज लागली. हरेल त्यानं अर्धा किलो कुंदा.

पाटीवर सध्या फक्त 'न' हाय. लवकर सांगा.

टिळकवाडी_कट्टा
रात्री १०:०५

आधी कुंदा कुठल्या दुकानचा ते ठरवा, मग शब्दाचं बघू.

आमचे एक मामा सांगायचे कॅश हा काजूवरनं आलाय. इंग्रजीत काजूला कॅश्यू म्हणतात की नाही? गोव्याकडं पूर्वी काजू मोजून द्यायचे आणि माल घ्यायचे म्हणून कॅश. ऐकायला तरी पटतंय.

चंदगडचा_काजूवाला
रात्री १०:२१

मामांना नमस्कार सांगा पण नाही हो. आमचं घरदार काजूवर चाललंय म्हणून एवढं तरी वाचलंय. काजू मूळचा ब्राझीलचा, तिथल्या तुपी लोकांच्या भाषेत अकाजू, पोर्तुगीजांनी त्याचं काजू केलं, सोळाव्या शतकात झाड इकडं आणलं, आपण नाव तसंच ठेवलं आणि इंग्रजांनी कॅश्यू केलं. पैशाशी नातं काही नाही. उलट काजूत घातलेली कॅश परत कधी दिसते ते आम्हाला विचारा. बी भाजा, फोडा, चिकानं हाताची सालं निघतात म्हणून बायका हाताला राख चोळून बसतात, आणि शेवटी गर अख्खा निघाला तर एक भाव, तुकडा पडला की दुसरा.

सर्व_संस्कृतातून
रात्री १०:३०

एवढा खल कशाला? कॅश म्हणजे कोश. राजकोश, कोशागार. इंग्रजांना ओ म्हणता आला नाही. विषय संपला.

टिळकवाडी_कट्टा
रात्री १०:३२

इंग्रजांना ओ म्हणता येत नाही? मग 'ओके' काय आमच्या आजीनं काढला व्हय?

खानापूरचे_मास्तर
रात्री ११:१०

मी ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं मुलं "सर हा शब्द असाच का" म्हणून विचारायची आणि मी "पाठ करा" म्हणून सांगायचो. आता रिटायर झाल्यावर त्याचं पाप फेडतोय असं समजा.

इंग्रजीत कॅश हे एक नाव घेऊन फिरणारे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, घराणी वेगळी. आपल्याकडं जेवायला बसायचा पाट वेगळा, शेतात पाणी येतं तो पाट वेगळा, आणि एखाद्या बाईशी पाट लावतात तो आणखीन वेगळा, तसं. काऊंटरवरचा आणि बसूचा, दोघांचेही शब्द खरे आहेत. फक्त दोघं एकाच शब्दाबद्दल भांडत नव्हते.

पहिला काऊंटरवरचा घेऊ. लॅटिनमध्ये काप्सा म्हणजे पेटी, डबा. रोमन लोक पुस्तकाच्या गुंडाळ्या ज्या गोल डब्यात ठेवायचे त्यालाही काप्साच म्हणायचे. धरणे, घेणे या अर्थाच्या धातूपासून तो आलाय, म्हणजे जी आत धरून ठेवते ती. त्याचं इटालियनमध्ये कास्सा झालं, फ्रेंचमध्ये केस. इटलीचे व्यापारी त्या काळी सगळ्या युरोपात पैशाची देवघेव करायचे, हिशोबाच्या बऱ्याच शब्दांवर त्यांचा हात फिरलाय. बँक घ्या, ते मुळात त्यांचं पैसे मोजायचं बाकडं. तर कास्सा म्हणजे व्यापाऱ्याची पैशाची पेटी. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या शेवटी आला, फ्रेंच इटालियन दोन्हीचा हात धरून, आणि सुरुवातीला कॅश म्हणजे पेटीच. पेटी म्हणता म्हणता पेटीतले पैसे, आणि नंतर पेटीचा अर्थ गळूनच गेला.

त्याची भावंडं आपण रोज वापरतो. चष्म्याची केस त्यातलीच, औषधाची कॅप्सूल म्हणजे छोटी पेटी, गाण्याची कॅसेट तीही छोटी पेटीच, आणि ट्रकची चासी सुद्धा फ्रेंचांच्या चौकट या अर्थाच्या शब्दावरून काप्सापर्यंत जाते. गॅरेजवाल्यांना सांगा, ते खूश होतील. कोर्टातली केस मात्र यातली नाही, ती पडणे या अर्थाच्या धातूपासून. ज्यांच्या केसी चालू आहेत त्यांना ते आधीच माहीत असेल.

आता बसूचा कॅश. तमिळ, कानडी, तेलुगू, मल्याळम सगळीकडं कासु म्हणजे लहान नाणं, आणि मग एकूणच पैसा. पोर्तुगीज १४९८ ला मलबारला उतरले, १५१० ला गोवा घेतलं, आणि बाजारात त्यांच्या कानावर हा शब्द पडला. त्यांनी तो लिहिला कसा? काइशा. आणि पोर्तुगीजमध्ये काइशा म्हणजे काय? पेटी! तोच लॅटिन काप्सा, त्यांच्या घरातला. आपल्याकडं साहेबाचं 'हू कम्स देअर' म्हणजे 'हुकूमदार' झालं ना, त्यातलाच प्रकार, अनोळखी आवाज कानात शिरताना ओळखीच्या शब्दाचा सदरा घालून शिरतो. इंग्रजांनी तो पोर्तुगीजांकडून उचलला तेव्हा त्यांच्याकडं पेटीवाला कॅश नुकताच आलेला, म्हणून यालाही तेच स्पेलिंग चिकटलं. दोन्ही शब्द इंग्रजीत जवळजवळ एकाच सुमारास आलेत, घोळ व्हायचं ते एक मोठं कारण.

या दुसऱ्या कॅशचा अर्थ इंग्रजीत फक्त 'पूर्वेकडचं हलकं नाणं' एवढाच राहिला. चीनचं मधे चौकोनी भोक असलेलं पितळी नाणं, जे दोरीत ओवून ठेवायचे, त्याला इंग्रजीत आजही कॅश म्हणतात. चिनी लोक स्वतः तसं म्हणत नाहीत, नाव आपल्याकडून गेलंय. मद्रासला कंपनीच्या जुन्या चलनात ८० कॅशचा एक फनम आणि ४२ फनमचा एक पॅगोडा असायचा, म्हणजे एका पॅगोड्याला ३३६० कॅश. रोज संध्याकाळी हिशोब जुळवणाऱ्याची दया येते.

संस्कृतवाल्या मित्रांनी नाराज होऊ नये. कोश जमत नाही, पण कासुचं मूळ बहुतेक कोशकार संस्कृत 'कर्ष' इथं नेतात. कर्ष हे वजन, १६ माशांचं (तोळा-मासा म्हणतो त्यातला मासा), आयुर्वेदाच्या पुस्तकांत आजही दिसतं. इतिहासाच्या पुस्तकात कार्षापण म्हणून जुनं नाणं वाचलं असेल, तेच घराणं. काही जण मात्र कासु मुळात द्राविडीच आहे म्हणतात.

आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा जो मोठा कोश काढला, हॉब्सन-जॉब्सन, त्यात कॅशखाली ते लिहितात की पोर्तुगीजांनी हा शब्द तमिळ कासुवरून घेतला असावा किंवा कदाचित एखाद्या कोकणी रूपावरून, जे आम्हाला सापडलेलं नाही. म्हणजे चोर्ला घाट उतरून पलीकडं कुणाच्या तरी आजीच्या बोलण्यात ते रूप असेल तर सांगा बुवा.

खडेबाजारचा_काऊंटर
रात्री ११:२४

मास्तर पाया पडतो. दोनदा वाचलो. पण मग कुंदा कुणी द्यायचा?? बसूला हे वाचून दाखवलो तर तो "बग, कासु बरोबर म्हणालेत" म्हणून उड्या मारालाय आणि मी "बग, पेटी बरोबर म्हणालेत" म्हणून. पेटी म्हणजेच पैसे हे मला जरा ओढून ताणून वाटतंय, बसू तर हसालाय, म्हणतो पेटीला पैसे कोण म्हणतं.

वडगावची_अक्का
रात्री ११:४०

बसूला सांग, तू पैसे घेऊन बसतोस ना रे, तूच म्हणतोस.

माझं किराण्याचं दुकान हाय, सासऱ्यांच्या वेळचं. त्यांचा शिसवी गल्ला अजून हाय, वर नोटा टाकायची फट, आत चार खण, एका खणाचं फळकूट सुटलंय त्यामुळं रुपया दोन रुपये एकत्र होतात, आणि ड्रॉवर ओढला की घंटी वाजते, ती मुद्दाम बसवलेली, मालकाच्या मागं कुणी उघडू नये म्हणून. आता लेक रात्री फोन करून विचारतो, आई आज गल्ला किती झाला? मी काय लाकडाची लांबी रुंदी सांगते व्हय? सांगते सहा हजार झाला. बग, गल्ला म्हणजे पेटी का पैसे? त्या इटलीवाल्यांनी जे केलं तेच आम्ही रोज करालोय, आणि कुणाला ओढून ताणून वाटत नाही. मुंबईवाले तर सरळ लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात. पूर्वी पुढाऱ्याला थैली अर्पण करायचे, ती काय रिकामी कापडाची द्यायचे?

मास्तर, चुकलं असेल तर सांगा.

खानापूरचे_मास्तर
रात्री ११:५१

अक्का, चुकलं कुठलं, मी एवढं लांबण लावलं ते तुम्ही ड्रॉवर ओढून दाखवलंत. उद्या वर्गावर जायचं असतं तर हेच उदाहरण दिलं असतं.

सर्व_संस्कृतातून
सकाळी ६:१४

कर्ष चालेल.

निपाणी_जकात_नाका
सकाळी ७:३५

सगळे कासु कासु करालेत पण खरं सांगू का, आमच्याकडं निपाणी चिकोडीच्या बाजूला, किंवा हुबळी धारवाडपर्यंत जा, कानडी माणूस रोजच्या बोलण्यात कासु कमीच म्हणतो. तो म्हणतो 'रोक्क'. "रोक्क कोडरी", पैसे द्या. तंबाखूच्या अड्ड्यावर लहानपणी ऐकलेलं पहिलं कानडी वाक्य तेच, दुसरं 'नाळे बा', उद्या ये. आणि हे रोक्क म्हणजे आपलं रोख, रोकड, एकाच घरातलं. म्हणजे बसूला सांगा पाटीवर रोक्क लिव, दोघांचंही काम होतंय.

आणि उलटं पण ऐका. शिवाजी महाराजांनी सोन्याचं नाणं पाडलं त्याचं नाव होन. होन हा कानडी होन्नु, म्हणजे सोनं. घरात आपण तूप खातो ते कानडी तुप्प, वस्तू हरवली की हुडकतो ते कानडी हुडुकु. माझी पुण्याची मेव्हणी मी "हुडकून देतो" म्हटलं की हसते. हसू दे.

टिळकवाडी_कट्टा
सकाळी ८:०२

नियम क्र. ३, या ग्रुपवर सीमाप्रश्न आणायचा नाही. तूप चालेल.

जुनी_नाणी_शहापूर
सकाळी ९:१८

रात्री बघितलं नाही, आता बघतोय. मास्तरांनी सांगितलं ते माझ्या डब्यात हाय, म्हणजे खरंच हाय, तांब्याचं.

म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडेयर यांच्या काळातलं नाणं. साधारण जुन्या आठाण्याएवढं पण जाड, कडा सारखी नाही, हातानं ठोकलेलं. एका बाजूला हत्ती, त्याच्या वर चंद्र सूर्य आणि मधे कानडीत श्री. दुसऱ्या बाजूला कानडीत 'मयिली कासु २०' आणि त्याच नाण्यावर इंग्रजी लिपीत रोमन वीस आणि पुढं कॅश. दोन्ही एकाच तांब्यावर, बोटभर अंतरानं. मी हे घेतलं तेव्हा मला वाटलेलं इंग्रजी अक्षरं नंतर कुणीतरी कोरलीत, इतकी ती त्या हत्तीबरोबर विचित्र दिसतात. नंतर लिंबू न लावता (हे महत्त्वाचं, कृपा करून जुन्या तांब्याला लिंबू चिंच लावू नका, पितांबरी तर नकोच, नाणं मरतं) नुसत्या मऊ ब्रशनं माती काढली तेव्हा दिसलं की दोन्ही एकाच ठोक्यात उठलेत.

दुसरं नाणं माझ्याकडं नाही पण एका प्रदर्शनात हातात घेतलंय, मद्रास इलाख्यासाठी कंपनीनं १८०८ ला पाडलेलं, बर्मिंगहॅमच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर. ते एकदम गोल, आपल्या हाताच्या ठोक्यासारखं वेडंवाकडं नाही. त्यावर इंग्रजीत वीस कॅश आणि वर फारसी अक्षरांत 'बीस्त कास', म्हणजे वीस कास. इंग्रजी वाचणाऱ्याला कॅश, फारसी वाचणाऱ्याला कास, आणि मद्रासच्या बाजारात ज्याला दोन्ही येत नाही तो कासुच म्हणणार. या नाण्यांची गंमत अशी की ती घेऊन निघालेलं ॲडमिरल गार्डनर नावाचं जहाज १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच वाळूच्या दांड्यावर बुडालं, मद्रासला पोचलंच नाही. १९८० च्या दशकात पाणबुड्यांनी नाणी वर काढली, म्हणून आज ती बाजारात ढिगानं मिळतात, आणि पावणेदोनशे वर्षं समुद्रात पडून सुद्धा कितीतरी कोरी निघाली.

खडेबाजार, रविवारी या दोघं. हात धुऊन या.

निवृत्त_सुभेदार_हिंडलगा
सकाळी ११:४६

मास्तर साहेब, एक शंका. मी रिक्रूट असताना, म्हणजे मराठा सेंटरला ट्रेनिंग चालू होतं तेव्हा, आम्हाला आर्मी ॲक्टचा क्लास असायचा. दुपारी जेवणानंतर, त्यामुळं निम्मे डोळे उघडे ठेवून झोपलेले. त्यात शिक्षांची यादी, कलम ७१, आणि त्यात एक शिक्षा ऑफिसर लोकांसाठी 'कॅशिअरिंग'. मला वाटलं चूक केली की ऑफिसरला कॅशियर करतात, पगार वाटायच्या टेबलावर बसवतात. म्हटलं ही कसली शिक्षा, आम्हाला पण द्या की. शेजारच्याला तसं बोललो आणि उस्तादनं ऐकलं. पुढची हकीकत सांगत नाही, ग्राउंडला किती चकरा झाल्या ते गुडघ्यांना माहीत हाय.

नंतर कळलं की त्याचा अर्थ अपमानानं नोकरीतून काढणं. मग मी समजूत करून घेतली की कॅश बंद, म्हणजे पगार बंद, म्हणून कॅशिअर. आज ५० वर्षांनी विचारतोय, हे तरी बरोबर काय?

खानापूरचे_मास्तर
दुपारी १२:३०

सुभेदार साहेब, सॅल्यूट. तुम्ही तिसरा काढलात!

पगाराशी नातं नाही. तो कॅशिअर आणखीनच वेगळा. लॅटिनमध्ये हलवणे, आपटणे, मोडणे या अर्थाचा धातू आहे, त्यावरून फ्रेंचमध्ये कासे म्हणजे मोडणे, तिथून डचांकडं गेला तो सैन्यातून काढून टाकणे या अर्थानं. सोळाव्या शतकात इंग्रज सैनिक हॉलंडच्या बाजूला लढायला गेले आणि येताना हा शब्द घेऊन आले. म्हणजे ऑफिसरला 'मोडला', पद मोडलं. बँकेतला कॅशियर मात्र पेटीवाल्यांचा, पेटी सांभाळतो तो. दोघांचं स्पेलिंग हुबेहूब सारखं, त्यामुळं तुमची काही चूक नव्हती, चकरा फुकट झाल्या.

खडेबाजार, बसूला एवढं सांगा की इंग्रजीतला कॅश शब्द तुमच्याकडून गेला हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धी खरी वाक्यंच व्हॉट्सॅपवर सगळ्यात लांब जातात. काऊंटरवर जो कॅश तो पेटीचा. नाण्यावर जो कॅश तो कासुचा. पाटी काऊंटरवर लागणार आहे, तेव्हा न्याय काय करायचा तो तुम्ही करा.

टिळकवाडी_कट्टा
दुपारी १२:४१

निकाल: काऊंटर जिंकला, पण बसूला पण थोडा कुंदा द्यावा. अपील मान्य नाही.

वडगावची_अक्का
दुपारी १:०५

कासुवरनं आठवलं, टीव्हीवर दागिन्यांच्या जाहिरातीत दाक्षिणात्य बायका नाण्यांची माळ घालतात त्याला कासुमाला म्हणतात ना? आमच्याकडं तीच पुतळ्यांची माळ. माझ्या आईची होती, लाखेवरची, एकेका पुतळीवर माणसं उभी. पुतळी नाव पण नाण्याचंच काय?

जुनी_नाणी_शहापूर
दुपारी २:१०

होय अक्का. पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं डुकाट नाणं, त्याच्यावर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून पुतळी. आपल्या सोनारांनी पुढं त्याच्या नकला पाडल्या, माळेत बहुतेक त्याच असतात. उभी माणसं म्हणजे मूळच्या नाण्यावरचे संत आणि त्यांच्यापुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला निवडलेला प्रमुख. आता लोक राम सीता म्हणून घालतात, घालू देत. तुमची मोडीत दिली असेल तर सांगू नका, मला वाईट वाटेल.

वडगावची_अक्का
दुपारी २:१५

धाकट्या जावेकडं हाय. म्हणून सांगत नाही.

खडेबाजारचा_काऊंटर
रविवार, रात्री ९:१५

मंडळी उशीर झाला, सीझन चालू हाय, मान वर काढायला मिळंना.

आज दोघं जाऊन नाणं बघून आलो. काकांनी सांगितलं तसं हात धुऊन गेलो, तरी त्यांनी परत धुवायला लावले. बसू भिंग लावून कानडी वाचला, 'मयिली कासु', मी इंग्रजी वाचलो. त्या हत्तीची सोंड झिजलीय पण चंद्र सूर्य अजून उठून दिसतात. बसू अर्धा तास नाणं सोडंना, काका चहा घेता घेता डोळा ठेवून होते. येताना वाटेत बसू म्हणाला, मयिली म्हणजे काय ते कुणालाच विचारलं नाही की. आता मास्तर सांगा.

कुंद्याचं असं झालं की पाव किलो मी आणलो, पाव किलो त्यानं, दुकानात डबा उघडला आणि मालक "भाषेवरनं भांडता काय रे" म्हणत म्हणत निम्मा त्यांनीच संपवला.

आणि पाटी. शेवटी रोक्क, कॅश, नगदु तिन्ही मालकांपुढं ठेवले. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. कॅश कानडीत दोनच अक्षरं, नगदु तीन, मालक लगेच म्हणाले मग कॅशच लिव. तर पेंटर म्हणाला 'न' आधीच लिवलाय, तो पुसून परत ग्राउंड मारायचं वेगळं लागेल. मालकांनी उभ्या उभ्या हिशोब केला आणि नगदु ठेवलं.